हार्ड डिस्कचा पिवळा इशारा: आधी कॉपी, मग आकडे, मग चाचणी

संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ अशी ओळ येते (‘स्मार्ट’ म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते ती सोय). किंवा या नोंदी दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडल्यावर निळ्या चौकोनाच्या जागी पिवळा चौकोन आणि ‘कॉशन’ हा शब्द दिसतो. यानंतर बहुतेक जण आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्तीची सोय) चालवतात, मग ‘बॅड सेक्टर दुरुस्त’ (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) करणारं एखादं सॉफ्टवेअर उतरवतात, मग रात्रभर पूर्ण स्कॅन लावतात. सकाळी डिस्क दिसेनाशी झाली की बॅकअपची आठवण येते. डेटा जातो तो या क्रमामुळे. उलट बाजूला, सैल केबलमुळे वाढलेला एक आकडा बघून धडधाकट डिस्क भंगारात देणारेही कमी नाहीत.

पुढचे टप्पे फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कसाठी आहेत: डेस्कटॉपमधली, जुन्या लॅपटॉपमधली किंवा यूएसबीची एक्स्टर्नल. फिरते भाग नसलेल्या एसएसडीचे नियम वेगळे आहेत, म्हणून तो भाग शेवटाकडे घेतला आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका.

तयारी

हाताशी या गोष्टी हव्यात:

- मूळ डिस्कएवढ्या किंवा त्याहून जास्त क्षमतेची दुसरी डिस्क. १ टीबीच्या डिस्कची पूर्ण प्रत दुसऱ्या १ टीबीवर घ्यायची तर तिची नेमकी क्षमता थोडीशीही कमी असता कामा नये. शक्य असेल तर एक आकार मोठी घ्या.
- एक चांगली सॅटा केबल (आतली डिस्क मदरबोर्डला जोडणारी). एक्स्टर्नल असेल तर आखूड यूएसबी केबल.
- डेस्कटॉपला यूपीएस. लॅपटॉपला चार्जर, तोही पूर्ण वेळ लावलेला.
- वही. आकडे तारखेसह लिहावे लागतात, कारण एकट्या आकड्यापेक्षा तो वाढतोय का हे जास्त सांगतं.

## टप्पा १: इशारा कुठून आला ते लिहून घ्या

तीन जागांहून इशारा येतो आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिली जागा बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा प्रोग्रॅम. संगणक सुरू होतानाच ओळ आली, तर याचा अर्थ डिस्कने स्वतःच जाहीर केलंय की तिची एखादी महत्त्वाची नोंद कंपनीने ठरवलेल्या मर्यादेखाली गेली. कंपन्या ही मर्यादा फार सैल ठेवतात. त्यामुळे हा इशारा उशिराचा समजा आणि त्याच दिवशी कॉपी घ्या.

दुसरी जागा विंडोज. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम निवडा आणि ‘डिस्क’ या सोर्सच्या नोंदी बघा. क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला. ५१ म्हणजे पेजिंग करताना (मेमरी आणि डिस्क यांच्यात डेटा हलवताना) चूक झाली. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करून पाहावं लागलं. ५२ म्हणजे डिस्क स्वतःच निकामी होण्याची भविष्यवाणी करतेय. ५१ आणि १५३ केबलमुळे किंवा कमी विजेमुळेही येतात. ७ आणि ५२ मात्र टाळू नका. नोंदीत ‘हार्डडिस्क १’ असं लिहिलेलं असतं. तो क्रमांक डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुळवून बघा, नाहीतर इशारा एका डिस्कचा आणि कॉपी दुसरीची असं होतं.

तिसरी जागा क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं सॉफ्टवेअर. हे तुलनेने लवकर इशारा देतं. ०५, सी५ किंवा सी६ या तीन ओळींपैकी (अर्थ टप्पा ५ मध्ये) एकीतही कच्चा (रॉ) आकडा १ झाला तरी ते पिवळं होतं. म्हणून पिवळा दिसला की डिस्क मेली असं नाही, आणि निळा दिसला की सगळं ठीक असंही नाही.

इथे थांबा: डिस्कमधून ठराविक लयीत ‘टक्-टक्’ आवाज येतोय, किंवा ती सुरू होऊन लगेच बंद पडतेय, तर पुढचा एकही टप्पा करू नका. वीज काढा. अशा डिस्कमध्ये वाचनाचं डोकं तबकडीवर घासत असू शकतं आणि प्रत्येक मिनिट डेटा खरवडत नेतं. डेटा गरजेचा असेल तर ती थेट क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायची. एक अपवाद आधी तपासा: यूएसबीवरच वीज घेणारी २.५ इंची एक्स्टर्नल डिस्क लांब केबलवर, हबवर किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर लावली असेल तर कमी विजेमुळेही तशीच टकटकते. मागच्या पोर्टवर आखूड केबलने एकदाच लावून बघा. आवाज थांबला तर दोष विजेचा होता.

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला अजून फिरतो. मुंबईच्या दमट हवेत थंडगार डिस्क बाहेर काढली की काही सेकंदांत तिच्यावर पाणी धरतं, सर्किटवरही आणि आतही. ते करू नका. एसी ऑफिसमधून भर पावसाळ्यात घरी आणलेली डिस्कसुद्धा तासभर बॅगेतच राहू द्या आणि मग लावा.

## टप्पा २: आकड्यांच्या आधी डेटा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा लांबला आहे.

डिस्क अजून उघडत असेल तर फाइल कॉपी करा, ‘कट’ करू नका. कट करताना मूळ डिस्कवर लिहिणंही होतं, आणि आजारी डिस्कवर लिहिणं आता बंद. सगळी डिस्क एकदम निवडून ओढू नका. एखादी फाइल अडली की विंडोज तिथेच बसतं आणि मागचं सगळं रखडतं. छोट्या फोल्डरांनी जा, आणि ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी घ्या: घरचे फोटो, हिशेबाच्या फाइल, सोसायटीची कागदपत्रं. सिनेमे आणि सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइल शेवटी. त्या परत मिळतात.

रोबोकॉपी (विंडोजमधली आदेशाने चालणारी कॉपीची सोय) वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: त्याची मूळ सेटिंग न वाचता येणारी फाइल १० लाख वेळा पुन्हा वाचून बघायची आणि दर वेळी ३० सेकंद थांबायची अशी आहे. आजारी डिस्कवर याचा अर्थ कॉपी कधीच संपणार नाही, आणि खराब जागेवर डोकं पुन्हा पुन्हा फिरत राहणार. पुन्हा प्रयत्नांची संख्या ० किंवा १ करून आणि थांबण्याचा वेळ १ सेकंदावर आणूनच ते चालवा.

फाइली अडायला लागल्या, किंवा फोल्डर उघडायलाच मिनिटं लागतात, तर फाइल-फाइल कॉपी सोडा आणि पूर्ण डिस्कची प्रत घ्या. यासाठी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालणारं डीडीरेस्क्यू सगळ्यात भरवशाचं आहे. सिस्टमरेस्क्यू या मोफत लाइव्ह प्रणालीत ते आधीच असतं. ते सहज वाचता येणारं सगळं आधी घेतं, अडलेली जागा ओलांडून पुढे जातं आणि अवघड भाग शेवटी हाताळतं. साधं क्लोनिंग सॉफ्टवेअर बऱ्याचदा पहिल्या खराब सेक्टरवरच डोकं आपटत बसतं.

1. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा. मूळ आणि नवी, दोन्हींपैकी कुठलीही डिस्क माउंट करू नका, म्हणजे फाइली बघायला उघडू नका.
2. दोन्ही डिस्क सिरियल नंबरवरून ओळखा. क्षमतेवरून ओळखू नका, कारण दोन्ही १ टीबीच्या असतील तर फसाल. लेबलवरचा नंबर वहीत लिहा आणि पडद्यावरच्या नंबराशी जुळवा.
3. मॅपफाइल (कुठला भाग वाचून झाला याची डीडीरेस्क्यूची नोंद) तिसऱ्या जागी ठेवा, म्हणजे वेगळ्या पेनड्राइव्हवर. लाइव्ह प्रणालीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली तर वीज जाताच ती नाहीशी होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मॅपफाइल शाबूत असेल तर काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं.
4. पहिल्या फेरीत खरवडून वाचण्याचा भाग बंद ठेवा. ती पूर्ण झाल्यावरच दुसरी फेरी चालवा, आणि त्यात जास्तीत जास्त ३ पुनर्प्रयत्न द्या.
5. दोन फेऱ्यांच्या मधे डिस्कला हात लावून बघा. चटका बसत असेल तर थांबवा, थंड होऊ द्या.

इशारा: मूळ आणि गंतव्य यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते, आणि ते परत फिरवता येत नाही. एंटर दाबण्यापूर्वी ओळ मोठ्याने वाचा. पहिलं नाव जिच्यातून वाचायचं ते, दुसरं जिच्यावर लिहायचं ते.

चेकडिस्क, फाइल वाचवण्याची सॉफ्टवेअरं, पार्टिशन दुरुस्ती, हे सगळं आता या प्रतीवर करायचं. चेकडिस्क तुटलेल्या नोंदी जुळवताना फाइली वेगळ्या फोल्डरात टाकते किंवा त्यांचे दुवे काढून टाकते. प्रतीवर चुकलं तर पुन्हा प्रत घेता येते. मूळ डिस्कवर दुसरी संधी नसते.

तपासणी: प्रतीमधल्या १०-१५ फाइली वेगवेगळ्या फोल्डरांतून प्रत्यक्ष उघडा. फोटो शेवटपर्यंत दिसतो का, व्हिडिओ मधून पुढे सरकवून चालतो का, एक्सेल उघडतं का. नावं दिसली म्हणजे कॉपी झाली असं नाही.

## टप्पा ३: आकडे दिसायची सोय

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो मोफत आहे आणि आकडे वाचायला पुरेसं आहे. चाचणी चालवायला जीस्मार्टकंट्रोल लागेल. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडल्याबरोबर कच्चे आकडे दशमानात आणा. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, त्यात १० [डेक]. मूळ सेटिंग षोडशमान असते. त्यात ‘१०’ दिसलं तर खरा आकडा १६ असतो आणि ‘२सी’ म्हणजे ४४. ‘माझ्या डिस्कचं तापमान २सी दाखवतंय’ हा गोंधळ इथूनच होतो.

ओळींचे क्रमांकही दोन पद्धतीत येतात. क्रिस्टलडिस्कइन्फोमधली सी५ ही जीस्मार्टकंट्रोलमध्ये १९७ असते. सी६ म्हणजे १९८, सी७ म्हणजे १९९, बीबी म्हणजे १८७, बीसी म्हणजे १८८, ०ए म्हणजे १०. नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, म्हणून क्रमांकावर भरवसा ठेवा.

एक्स्टर्नल डिस्क यादीत दिसतच नसेल तर घाबरू नका. काही यूएसबी डब्यांमधली चिप ही माहिती पुढे जाऊ देत नाही. ३.५ इंची डबा असेल तर आतली डिस्क काढून सॅटावर लावून बघता येते. २.५ इंची काही पोर्टेबल डिस्कवर मात्र यूएसबीचं तोंड थेट सर्किट बोर्डवरच असतं, सॅटा नसतंच. काही मॉडेलांत डेटा त्याच बोर्डवर कूटबद्धही होतो. अशी डिस्क फोडून काही साधत नाही.

## टप्पा ४: चार रकाने, आणि त्यातला कुठला बघायचा

प्रत्येक ओळीत करंट, वर्स्ट, थ्रेशोल्ड आणि रॉ असे चार रकाने असतात. करंट हा गुण आहे. बहुधा १०० किंवा २०० पासून सुरू होतो आणि तब्येत बिघडली की खाली येतो. वर्स्ट म्हणजे आजवरचा सगळ्यात कमी गुण. करंट थ्रेशोल्डला टेकला की डिस्क त्या विषयात नापास. रॉ म्हणजे प्रत्यक्ष मोजणी.

नेहमीची चूक: ‘करंट १००’ वाचून १०० सेक्टर खराब समजणं. आणि तितकीच नेहमीची दुसरी: एकूण निकाल ‘पास्ड’ आहे म्हणून निर्धास्त होणं. शेकडो सेक्टर बदलून झाले तरी ‘पास्ड’ दिसू शकतं, कारण गुण अजून थ्रेशोल्डच्या वर असतो. खालच्या मोजक्या ओळींत रॉ बघा, बाकीच्यांत करंट.

## टप्पा ५: ज्या ओळींवरून निर्णय होतो

सी५ (१९७), प्रलंबित सेक्टर. पहिल्यांदा ही ओळ. डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही, पण त्यातला डेटा आपला असल्यामुळे ती तो परस्पर टाकून देत नाही, ‘निर्णय बाकी’ म्हणून ठेवते. म्हणजे सी५ मधला प्रत्येक आकडा हा आत्ता वाचता न येणारा तुमचाच डेटा असू शकतो. त्या जागेवर नवं काही लिहिलं की निर्णय होतो: लिहिणं जमलं तर सेक्टर पुन्हा कामाला, नाही जमलं तर राखीव सेक्टर त्याच्या जागी. काही डिस्कवर हा आकडा ८ च्या पटीत वाढतो, कारण आतला एक ४०९६ बाइटचा सेक्टर बाहेरून ५१२ बाइटच्या ८ सेक्टरांसारखा मोजला जातो.

०५ (५), बदललेले सेक्टर. इथे निर्णय झालेला आहे. तेवढे सेक्टर कायमचे बाद होऊन राखीव साठ्यातले वापरात आले. आकडा ४ असेल आणि महिनोन्महिने ४ राहिला तर ती डिस्क दुय्यम कामाला चालते. या आठवड्यात ४, पुढच्या आठवड्यात ३२ असं झालं तर ती मरायला टेकली म्हणून समजा. हा आकडा कधीच उतरत नाही.

सी६ (१९८). डिस्कने स्वतःच्या तपासणीत सापडलेले न सुधारता येणारे सेक्टर. बऱ्याचदा सी५ एवढाच असतो. काही डिस्कवर तो लांब चाचणी झाल्यावरच ताजा होतो, म्हणून चाचणीआधीचा ० गृहीत धरू नका.

बीबी (१८७). डिस्कने संगणकाला ‘हे मला वाचता आलं नाही’ असं किती वेळा सांगितलं ती संख्या. सगळ्या कंपन्या ही ओळ देत नाहीत. असेल आणि ० पेक्षा जास्त असेल तर गंभीर घ्या.

०ए (१०), फिरायला पुन्हा प्रयत्न. तबकडी पहिल्या झटक्यात वेगात आली नाही. मोटर किंवा वीज, दोन्हींपैकी एक कमी पडतंय. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर बदलून बघा. त्यानंतरही वाढला तर डिस्क बदला.

बी८ (१८४). डिस्कच्या आतल्या आतच डेटा जाताना बदलला. ही ओळ ० सोडून काहीही दाखवत असेल तर त्या डिस्कवर हिशेब किंवा फोटो ठेवू नका.

गूगलने २००७ मध्ये आपल्या हजारो डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन चूक सापडल्यावर डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कांच्या तुलनेत, ३९ पट आढळली. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी या प्रमुख ओळींत आधी काहीच दाखवलेलं नव्हतं. आकडे वाईट दिसले तर ते खरे माना. आकडे स्वच्छ दिसले तरी बॅकअप चालूच ठेवा.

## टप्पा ६: घाबरवणारे पण बहुधा निरुपद्रवी आकडे

०१ आणि ०७ सीगेटवर. कच्चा आकडा कोट्यवधींत दिसतो. सीगेट त्या एकाच आकड्यात चुका आणि एकूण वाचनं अशा दोन संख्या बसवते, आणि मोठा दिसणारा भाग वाचनांचा असतो. इथे रॉ सोडा, करंट थ्रेशोल्डच्या वर आहे एवढं बघा.

बीसी (१८८) सीगेटवर. हासुद्धा तीन संख्यांचा जोड असतो. ४२९५०३२८३३ असा आकडा बघून धडकी भरते. उलगडला तर तो १, १ आणि १ एवढाच आहे.

सी७ (१९९), सीआरसी चुका. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्यावर डेटा बिघडला. तबकडीचा संबंध नाही, दोष जवळजवळ नेहमी केबलचा. समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत जोडणीचे पत्रे काळे पडतात, त्यामुळे दादर-वरळीच्या घरांत हा आकडा वाढलेला दिसला तर आधी केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, मग बदला. हा आकडा शून्यावर येत नाही. आजचा लिहून ठेवा, आठवड्याने बघा. थांबला असेल तर काम झालं.

०९, चालू तास. वर्षभर अखंड चालू म्हणजे ८,७६० तास. ३०,००० तास दिसले म्हणून डिस्क काढू नका, बाकीच्या ओळी बघा. सोसायटीच्या सीसीटीव्ही डीव्हीआरमध्ये हा आकडा मोठाच असणार.

सी२ (१९४), तापमान. बहुतेक हार्ड डिस्कांची वरची मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते. पंख्याखाली ३४ अंशांच्या खोलीत ४२-४५ सर्वसाधारण आहे. सतत ५० च्या वर असेल तर डिस्क वाईट नाही, जागा वाईट आहे. डीव्हीआर बंद लाकडी खणात कोंबलेला असतो, त्याला हवा द्या.

आणखी एक, आकड्यांत न दिसणारं: मोठी फाइल लिहिताना सुरुवातीला वेग चांगला आणि मग एकदम मंद होणं हे अनेक २.५ इंची एक्स्टर्नल डिस्कांमध्ये बांधणीमुळेच होतं. तिथे ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात. वाचताना ठराविक फाइलवर अडणं मात्र आजारच.

## टप्पा ७: चाचणी

टप्पा २ पूर्ण नसेल तर इथे येऊ नका. लांब चाचणी म्हणजे अख्खी डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचणं, आणि मरणासन्न डिस्क याच मेहनतीत जाते.

1. पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप आणि ‘हार्ड डिस्क बंद करा’ दोन्ही ‘नेव्हर’ वर ठेवा.
2. आजचे ०५, सी५, सी६, सी७ वहीत लिहा.
3. आधी शॉर्ट चाचणी, साधारण २ मिनिटं. ती नापास झाली तर लांब चाचणीची गरज नाही.
4. मग एक्स्टेंडेड. १ टीबीला दोन-तीन तास, ४ टीबीला आठ किंवा जास्त. नेमका अंदाज डिस्क स्वतःच मिनिटांत देते, तो पडद्यावर दिसतो.
5. चाचणी चालू असताना डिस्कवर दुसरं काम करू नका. वेळ वाढतो.

निकाल असे वाचा:

‘कम्प्लिटेड विदाउट एरर’: आज अख्खी डिस्क वाचता आली. एवढंच.

‘रीड फेल्युअर’, सोबत एलबीए क्रमांक (सेक्टरचा पत्ता): त्या जागी वाचन अडलं. इथे लोक हमखास चुकतात. चाचणी पहिल्या खराब सेक्टरवरच थांबते, म्हणून एकच एलबीए दिसतो. त्याचा अर्थ एकच सेक्टर खराब आहे असा नाही. सोबतचा ‘९०%’ म्हणजे चाचणी ९० टक्के उरलेली असताना थांबली, ९० टक्के झाली नव्हती.

‘इंटरप्टेड’ किंवा ‘अबॉर्टेड बाय होस्ट’: नापास नाही. संगणक झोपला, यूएसबी डब्याने डिस्क झोपवली किंवा कोणी रद्द केलं. पुन्हा चालवा. यूएसबीवर वारंवार होत असेल तर डिस्क सॅटावर लावा.

‘सर्व्हो’, ‘सीक’ किंवा ‘इलेक्ट्रिकल फेल्युअर’: यांत्रिक किंवा सर्किटचा दोष. डिस्क काढा, पुढचा टप्पा करू नका.

## टप्पा ८: प्रलंबित सेक्टरांचा निकाल लावणं

हा टप्पा फक्त ज्यांची प्रत तपासून झाली आहे आणि डिस्क पुन्हा वापरायची आहे त्यांच्यासाठी. मूळ डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार आहे.

विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक’ची खूण काढा. पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं, आणि त्यामुळे प्रत्येक प्रलंबित सेक्टरचा निर्णय होतो. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका पुसतं, सी५ तसाच राहतो, आणि मग लोक म्हणतात फॉरमॅट करूनही फरक नाही. डिस्कवर एकाहून जास्त पार्टिशनं असतील तर आधी ती काढून एकच करा, नाहीतर बाकीच्या जागेला हात लागत नाही.

नंतर आकडे वहीशी जुळवा आणि लांब चाचणी पुन्हा चालवा.

- सी५ शून्य झाला, ०५ आहे तेवढाच राहिला, चाचणी पास: सेक्टर भौतिकदृष्ट्या बरे होते, बहुधा लिहिताना वीज गेल्याने अर्धवट राहिले होते. महिनाभर दर आठवड्याला आकडे लिहा. स्थिर राहिले तर डिस्क वापरा.
- सी५ शून्य, ०५ थोडा वाढला, चाचणी पास: डिस्क फक्त जादा प्रत, सिनेमे, तात्पुरतं काम यांसाठी. एकुलता एक डेटा नाही.
- सी५ शून्य झालाच नाही, पुन्हा वाढला, किंवा फॉरमॅट मधेच अडलं: डिस्क संपली.

मध्ये बसणाऱ्या प्रकरणांत माझा कल बदलण्याकडेच आहे. फोटोग्राफर, सीए, छापखाना अशांनी तर दुसऱ्या गटातली डिस्क कामाच्या टेबलावर ठेवूच नये.

## एसएसडी असेल तर

वरच्या ओळी विसरा. एनव्हीएमई एसएसडीवर (सॅटाऐवजी मदरबोर्डच्या वेगवान जोडणीवर चालणारी) चार गोष्टी बघा. ‘क्रिटिकल वॉर्निंग’ ० असायला हवं. ८ दिसलं तर एसएसडीने स्वतःला फक्त वाचण्यापुरतं बंद केलंय, तेव्हा लगेच कॉपी करा. ‘अव्हेलेबल स्पेअर’ थ्रेशोल्डच्या वर हवं. ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ ० हवं, आणि वाढतंय तर ते सी५ इतकंच गंभीर आहे. ‘पर्सेंटेज यूज्ड’ हा झिजेचा अंदाज आहे, १०० च्या पुढेही जातो आणि १०० झाला म्हणून एसएसडी बंद पडत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोतला ‘९४%’ हा याचाच उलटा आकडा. तो झीज सांगतो, कंट्रोलर चिप अचानक जाणार का हे सांगत नाही. एसएसडी बहुधा टकटक न करता, एका क्षणात जाते.

## वॉरंटी आणि बदली डिस्क

सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून, देश भारत निवडून बघा. बाहेरून आयात झालेल्या डिस्कवर इथली वॉरंटी नसू शकते. दाव्यासाठी लांब चाचणीच्या नापास निकालाचा फोटो ठेवा. सीगेटचं सीटूल्स नापास झाल्यावर एक कोड देतं, तोही लिहा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही, आणि जुनी डिस्क परत येत नाही. ती लिहिण्याजोगी असेल तर देण्याआधी पूर्ण फॉरमॅट करा. पॅन कार्ड आणि आधारच्या प्रती तिच्यात असतातच. झाकणाचे स्क्रू किंवा सील मात्र उघडू नका.

नवी डिस्क मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि घरी पहिल्याच दिवशी आकडे बघा. ०९ मध्ये तास एक आकडी आणि ०सी मध्ये चालू-बंद मोजकं असावं. वापरलेल्या डिस्कांचे तास शून्यावर आणता येतात, म्हणून सीगेटच्या नव्या डिस्कांवर फार्म नावाची वेगळी नोंद स्मार्टसीटीएलच्या (smartctl, जीस्मार्टकंट्रोल ज्याच्यावर चालतं ते आदेशाने चालणारं साधन) ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने वाचा. तिथले तास आणि ०९ मधले तास जुळत नसतील तर डिस्क परत करा. मग रिकाम्या डिस्कवर एक पूर्ण फॉरमॅट, एक लांब चाचणी, आणि ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य असतील तरच डेटा भरायला घ्या.